जुना चेनसॉ चालू करताना खर्च नेमका कुठे जातो

"कॉम्प्रेशन मस्त आहे, स्पार्क येतोय, फक्त कार्ब साफ केला की चालू होईल." जुना चेनसॉ (इंजिनवर चालणारी साखळीची करवत) विकणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या तोंडी हे वाक्य असतं आणि बऱ्याचदा ते खोटंही नसतं. माझ्याकडे आलेला सॉ सत्तरच्या दशकातला, साधारण ६० सीसीचा, मॅग्नेशियमची बॉडी, पॉइंटवालं (उघडझाप होणाऱ्या धातूच्या टोकांनी ठिणगी पाडणारं) इग्निशन, चेन ब्रेक नाही. दोरी ओढली की हाताला चांगला दम लागत होता, प्लग काढून बॉडीला टेकवून ओढलं तर ठिणगी दिसत होती. म्हणजे विकणारा खरंच बोलत होता. तरीसुद्धा तो सॉ भरवशाने लाकूड कापायला लागेपर्यंत जो काही खर्च झाला त्यात सॉची स्वतःची किंमत हा छोटाच भाग होता. तक्रार म्हणून नाही सांगत, मला हा सॉ मनापासून आवडतो आणि पुन्हा घ्यायचा झाला तर पुन्हा घेईन, पण ज्यांना पहिल्यांदा या नादाला लागायचंय त्यांना आधी कळावं की पैसा कुठून कुठून जातो, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चेनसॉ लोखंडात म्हातारा होत नाही, रबरात होतो. क्रँक, कनेक्टिंग रॉड, सिलिंडर ही मंडळी चाळीस-पन्नास वर्षं पडून राहिली तरी फारसं बिघडत नाही, पण डायफ्रॅम, फ्युएल लाइन, ऑइल सील, इनटेकचा बूट (कार्ब आणि सिलिंडर जोडणारी रबरी नळी), हादरे शोषणारी रबरं, टाकीच्या झाकणाचं वॉशर हे सगळं एकाच दिवशी कारखान्यातून निघालेलं असतं आणि साधारण एकाच वेळी संपतं. त्यामुळे एक बदललं की दुसरं उघडं पडतं. खर्च दिसत नाही तो याच कारणाने, तो एकदम समोर येतच नाही, रांगेत उभा असतो.

सुरुवात अर्थातच कार्बपासून, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरपासून. चेनसॉच्या कार्बला मोटारसायकलसारखी वाटी आणि फ्लोट नसतो, कारण सॉ आडवा-उलटा कसाही धरावा लागतो. तिथे दोन पातळ पडदे, म्हणजेच डायफ्रॅम, असतात. एक पडदा क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो, दुसरा पडदा सुईला उघडझाप करून किती पेट्रोल आत सोडायचं ते ठरवतो. हे पडदे वर्षानुवर्षं पेट्रोलात भिजून-सुकून कडक होतात. बोटाने दाबल्यावर प्लास्टिकच्या पत्र्यासारखा कटकट आवाज आला की समजायचं गेला. असा कार्ब कितीही साफ केला तरी सॉ गार असताना चालू होतो, पाच-दहा मिनिटं बरा वाटतो आणि गरम झाल्यावर फुल रेसला दम तोडतो. नुसतं "साफ केला की झालं" इथे लागू होत नाही, किट टाकायलाच लागतं.

किट तसं स्वस्त असतं, हे खरंय. पण ते सॉच्या मॉडेलवरून मागवायचं नसतं, कार्बच्या बॉडीवर कोरलेल्या नंबरवरून मागवायचं, कारण एकाच मॉडेलला कंपन्यांनी वेगवेगळ्या वर्षी वॉल्ब्रो, टिलॉटसन, झामा असे वेगवेगळे कार्ब लावलेले असतात. आणि किटं दोन प्रकारची येतात, एकात फक्त पडदे आणि गॅस्केट, दुसऱ्यात सुई, स्प्रिंग, छोटी जाळी, वेल्च प्लग (कार्बमधली भोकं बंद करणाऱ्या धातूच्या छोट्या चकत्या) सगळं. इतक्या जुन्या सॉला पहिलं घेऊन भागत नाही, सुईचं टोक झिजलेलंच असतं. मला मिळालेलं पहिलं किट तर अजूनच शिकवून गेलं. पाकीट सीलबंद, ओरिजिनल, कधीच न वापरलेलं, आणि आतला पडदा माझ्या जुन्या पडद्याइतकाच कडक. मग लक्षात आलं की रबराला पाकिटात ठेवलं तरी वय होतंच. तेव्हापासून "जुना न वापरलेला ओरिजिनल पार्ट" म्हटलं की मी आधी बघतो तो धातूचा आहे की रबराचा. धातूचा असेल तर डोळे झाकून घ्यावा, रबराचा असेल तर आजचा बनलेला साधा पार्ट जास्त बरा.

कार्बबरोबर फ्युएल लाइन आलीच. इथे लोकांना वाटतं की बाजारात मिळणारी सरळ नळी कापून लावली की काम झालं. काही सॉला चालतं. पण बऱ्याच सॉमध्ये ती लाइन साच्यातून काढलेली असते, तिला एका टोकाला जाड गळा असतो जो टाकीच्या भोकात घट्ट बसतो आणि तोच सीलचं काम करतो. सरळ नळी लावली की टाकीतून पाझरतं किंवा हवा ओढली जाते. इम्पल्स लाइन म्हणजे क्रँककेसमधून कार्बला दाब नेणारी ती बारीक नळी, तिचंही तेच. बाहेरून धडधाकट दिसते, वाकवली की आतल्या बाजूला भेगा दिसतात. टाकीतला फिल्टर, झाकणाचं वॉशर, टाकीत हवा घेणारा बारीक व्हॉल्व्ह, एकेक वस्तू किरकोळ. पण प्रत्येक वस्तू वेगळ्या ठिकाणाहून, वेगळ्या पार्सलने येते आणि पार्सलचा खर्च वस्तूपेक्षा जास्त होतो. माझ्या हिशोबाच्या वहीत हा पार्सलचा रकाना मी सुरुवातीला ठेवलाच नव्हता, नंतर वेगळा करावा लागला कारण तो पिस्टनच्या खर्चाला टेकायला लागला होता.

असो, कार्ब झाला, लाइनी झाल्या, सॉ चालू झाला. आणि इथेच बहुतेक लोक थांबतात, व्हिडिओ काढतात, लाकडाला लावतात. माझ्या सॉचा स्लो स्पीड मात्र एका जागी थांबत नव्हता. सरळ धरला तर ठीक, एका बाजूला कलंडला की रेस आपोआप चढायची, आणि ट्रिगर सोडल्यावर खाली यायला दोन-तीन सेकंद लावायचा. हे लक्षण ज्याने एकदा ओळखलं तो कार्बचे स्क्रू फिरवत बसत नाही. इंजिन कुठूनतरी हवा ओढतंय. आणि चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनमध्ये ही साधी गोष्ट नाही, कारण इथे इंजिनचं सगळं वंगण पेट्रोलात मिसळलेल्या ऑइलमधूनच येतं. हवा जास्त म्हणजे पेट्रोल कमी, पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी आणि वर तापमान जास्त. असा सॉ वाजतो एकदम तिखट, जोरदार, ऐकणाऱ्याला वाटतं काय पॉवर आहे, आणि तेवढ्यात पिस्टन सिलिंडरला घासून जाम होतो.

म्हणून प्रेशर टेस्ट. सायलेन्सर काढून एक्झॉस्टचं तोंड रबराच्या तुकड्याने बंद करायचं, इनटेकच्या बाजूला पत्र्याची पट्टी आणि गॅस्केट लावून तिथून हातपंपाने साधारण ०.५ बार दाबाची हवा भरायची, प्लग जागेवर, आणि काटा बघत बसायचं. काटा स्थिर राहिला पाहिजे. माझा हळूहळू खाली येत होता. साबणाचं पाणी ब्रशने सगळीकडे लावलं, सिलिंडरच्या खालच्या गॅस्केटला काही नाही, इनटेकच्या बुटाला काही नाही, क्लचच्या बाजूला काही नाही. फ्लायव्हील (क्रँकच्या टोकावरचं पंख्याचं जड चाक) काढून त्यामागे पाणी लावलं आणि शाफ्टच्या कडेने मोहरीच्या दाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक येताना दिसले, शाफ्ट हाताने थोडा फिरवला की थांबायचे, पुन्हा फिरवला की सुरू. सीलची कड एका ठिकाणी कडक होऊन शाफ्टपासून सुटली होती. हे डोळ्याने बघितल्यावर फार बरं वाटलं, खरंच. इतके दिवस जे नुसतं आवाजावरून म्हणत होतो ते समोर दिसलं.

आणि एक सांगतो, नुसता दाब देऊन थांबू नका, उलट व्हॅक्यूमही लावून बघा. सीलची ओठासारखी कड आतल्या बाजूला तोंड करून असते, आतून दाब दिला की ती शाफ्टला आणखी चिकटते, म्हणजे खराब सीलसुद्धा प्रेशर टेस्टला पास होऊ शकतं. व्हॅक्यूम लावला की ते कड उचलतं आणि खरं काय ते कळतं. माझं क्लचच्या बाजूचं सील असंच प्रेशरला पास आणि व्हॅक्यूमला नापास झालं.

आता इथून जो खर्च सुरू होतो तो पार्टचा नाही, हत्यारांचा. दोन सीलं म्हणजे काहीच किंमत नाही, पण तिथपर्यंत पोचायला काय काय लागतं बघा. दाब आणि व्हॅक्यूम दोन्ही देणारा गेजवाला पंप. फ्लायव्हील टेपरवर बसलेलं असतं, त्याला पुलर लागतो. लोक हातोडीने ठोकून काढतात, निघतंही, पण पंख्याची पाती तुटली किंवा क्रँकचं टोक वाकलं तर ते नुकसान पुलरच्या कितीतरी पट महाग. क्लचला उलटे आटे असतात, तो सोडवायला खास सॉकेट, आणि सोडवताना इंजिन फिरू नये म्हणून पिस्टन अडवायला काहीतरी. मी प्लगच्या भोकातून दोरी घालतो, फक्त आधी पिस्टन एक्झॉस्टच्या तोंडाच्या वर आलेला असला पाहिजे, नाहीतर दोरी त्या तोंडात अडकून कातरली जाते. सील काढायचा हूक, बसवायला योग्य मापाची नळी, हीट गन. जुने चपट्या खाचेचे स्क्रू पन्नास वर्षं बसून घट्ट झालेले, त्यांना इम्पॅक्ट ड्रायव्हर. यातलं प्रत्येक हत्यार पुढच्या सॉला उपयोगी पडतं हे खरं, म्हणून ज्याला एकच सॉ करायचाय त्याला हा छंद सगळ्यात महाग पडतो आणि ज्याच्याकडे पाच-सहा सॉ येऊन गेले त्याला परवडतो. सुरुवात करणाऱ्याने हत्यारं कुणाकडून तरी उसनी मिळवावीत असं मला मनापासून वाटतं.

सील घेताना आणखी एक. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी जुळली की बेअरिंगच्या दुकानातलं सील बसतं, बरोबर, पण मटेरियल बघा. साधं नायट्राइल आणि व्हायटॉन या दोन रबरांत फरक आहे, पेट्रोल, उष्णता आणि क्रँकचा वेग तिन्ही सहन करायचं असेल तर व्हायटॉन. थोडं महाग, पण ते बदलायला पुन्हा सगळं उघडावं लागतं त्यामुळे इथे काटकसर मला पटत नाही. आणि सील बसवण्याआधी क्रँक हाताने वर-खाली हलवून बघावा. बेअरिंगला खेळ असेल तर नवं सील काही टिकत नाही, मग क्रँककेस फोडणं आलं, बेअरिंग आली, मधलं गॅस्केट आलं, म्हणजे वेगळंच प्रकरण. माझ्या सॉला खेळ नव्हता, तेवढा एक खर्च वाचला.

सायलेन्सर काढताना दोनपैकी एक बोल्ट मुळातून तुटला. इतकी वर्षं तापून-गार होऊन स्टीलचा बोल्ट अॅल्युमिनियममध्ये अक्षरशः एकजीव झालेला असतो, गंजावरचं तेल आणि हीट गन दोन्ही लावून सुद्धा आला नाही. शिवाय पंख्याच्या कव्हरचा एक स्क्रू नुसताच फिरत होता, आटे आधीच कुणीतरी खाल्लेले. हे घेऊन मी ओळखीच्या टर्नर काकांकडे गेलो.

"काका, हे भोक वेल्डिंगने भरून पुन्हा आटे पाडून देता का?"

काकांनी कव्हर हातात घेऊन वजन बघितलं, कानशीने कोपऱ्यात एक घासा मारला आणि म्हणाले, "अरे हे मॅग्नेशियम आहे. भरायच्या भानगडीत पडू नको. हेलिकॉइल टाकू, म्हणजे तारेचे नवे आटे बसवू, आणि ड्रिल मी सावकाश मारणार, घाई करायची नाही. याचा बारीक चुरा पेटला तर पाणी मारून विझत नाही, उलट भडकतो."

त्यांनी आधी टेबल झाडून घेतलं, शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवली आणि मगच मशीन सुरू केलं. चुरा लगेच लगेच बाजूला काढत होते. त्यांनी जे पैसे घेतले ते त्यांच्या वेळेच्या मानाने कमीच होते आणि मी ते आनंदाने दिले, पण हिशोबात बघितलं तर एक स्क्रू आणि एक बोल्ट यांचा खर्च दोन्ही सीलं आणि कार्ब किट यांच्या बेरजेपेक्षा जास्त निघाला. तुटलेला बोल्ट हा जुन्या सॉमधला असा खर्च आहे जो कुठल्याच पार्ट लिस्टमध्ये नसतो.

सायलेन्सर निघालाच होता तर एक्झॉस्टच्या तोंडातून टॉर्च मारून पिस्टन बघितला. उभे ओरखडे, आणि सिलिंडरच्या भिंतीवर चांदीसारखी एक पट्टी. मागच्या मालकाच्या काळात कधीतरी तो याच सीलमुळे गरम होऊन घासला असणार. कॉम्प्रेशन मात्र "मस्त"! रिंगची एक बाजू अजून चांगली आणि वर ऑइलचा थर, एवढ्यावर गार इंजिन हाताला चांगला दम देतं. म्हणून दोरीच्या दमावर मी आता विश्वास ठेवत नाही, गेज लावून बघतो आणि गेजपेक्षाही जास्त त्या तोंडातून दिसणाऱ्या पिस्टनवर ठेवतो.

चेनसॉचा सिलिंडर सहसा अॅल्युमिनियमचा असतो आणि आतून त्याला क्रोमचा किंवा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा अगदी पातळ कडक थर दिलेला असतो. त्यामुळे जुन्या स्कूटरसारखं "बोअर मारून ओव्हरसाइझ पिस्टन टाकू" इथे चालत नाही, बोअर मारला की थरच गेला. चांगली बातमी अशी की ती चांदीसारखी पट्टी बऱ्याचदा सिलिंडरची झीज नसते, पिस्टनचं अॅल्युमिनियम त्यावर चिकटलेलं असतं आणि ते केमिकलने काढता येतं. पण कुठल्या केमिकलने हे थर कशाचा आहे त्यावर. निकेलवाल्याला लोक हायड्रोक्लोरिक अॅसिड लावतात. क्रोमला ते अजिबात नाही, ते अॅसिड क्रोमलाच खातं. क्रोमला कॉस्टिक सोडा. आणि दोन्ही केमिकल उघड्या अॅल्युमिनियमवर गेलं की फसफसून तेही खायला लागतात, म्हणून कानातल्या कापसाच्या काडीने फक्त त्या पट्टीवर लावायचं, फेस थांबला की पुसायचं, पुन्हा लावायचं. हातमोजे, चष्मा, उघडी जागा, यात तडजोड नाही. अॅसिडच्या वाफांचं तर आणखी एक आहे, त्याच खोलीत ठेवलेल्या पान्यांना, ड्रिलच्या बिट्सना आठवड्याभरात गंज धरतो. माझा सिलिंडर क्रोमचा, म्हणून सोडा वापरला, पट्टी गेली, खालचा थर नखाला गुळगुळीत लागला. सिलिंडर वाचला. हा या सगळ्या कामातला सगळ्यात समाधानाचा क्षण होता असं म्हटलं तरी चालेल.

पिस्टन मात्र बदलायलाच हवा होता. नवे बनवलेले स्वस्त पिस्टन मिळतात आणि काही खरंच चांगले असतात, पण त्याबरोबर येणारी सर्क्लिप (पिस्टनची पिन जागेवर धरणारी बारीक कडी) मी वापरत नाही, ती निसटली तर सिलिंडर कायमचा जातो. शिवाय क्रोम सिलिंडरला क्रोमची रिंग चालत नाही, साधी कास्ट आयर्नची लागते, आणि पाकिटावर हे लिहिलेलं असेलच असं नाही. शेवटी ज्या वाटेने या छंदातले बहुतेक जण जातात तीच वाट, त्याच मॉडेलचा दुसरा मेलेला सॉ घेतला. त्याची क्रँककेस फुटलेली पण पिस्टन उत्तम, एअर फिल्टरचं झाकण शाबूत, हँडलची रबरं माझ्या सॉपेक्षा बरी. पार्ट सुटे घेण्यापेक्षा हे स्वस्तच पडलं. फक्त त्यानंतर घरात एका सॉची जागा दोन सॉ खायला लागले आणि जे पार्ट लागले नाहीत ते फेकवत नाहीत. जागा हाही खर्चच की. जोडताना पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंग सिलिंडरमध्ये आडवी बसवून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने मोजली, आणि मग बंद केलं.

इग्निशनबद्दल थोडक्यात. पॉइंट फ्लायव्हीलच्या मागे असतात, फ्लायव्हील निघालंच होतं म्हणून साफ केले, गॅप साधारण ०.३५ ते ०.४ मिमीच्या दरम्यान ठेवला, कंडेन्सर नवा टाकला. काही लोक पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक चिप लावतात, ती स्वस्त असते आणि चालतेही, पण टायमिंग थोडं हलू शकतं. मला पॉइंटचं काही वावडं नाही, ठेवले तसेच.

आता बार (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) आणि चेन. सॉ विकत घेताना याकडे कुणी बघत नाही आणि माझ्या वहीत सगळ्यात मोठा आकडा हाच आहे. जुन्या मोठ्या सॉला ०.४०४ इंच पिचची चेन असते, आजच्या बहुतेक सॉला ३/८ किंवा ०.३२५. पिच म्हणजे सलग तीन रिव्हेटमधलं अंतर भागिले दोन. त्याशिवाय चेनची खालची जीभ बारच्या खाचेत किती जाडीची बसते ते गेज वेगळं, १.३, १.५, १.६ मिमी असं. ही दोन मापं आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे त्या जिभांची, संख्या, तिन्ही जुळल्याशिवाय चेन बसत नाही, आणि बार सॉवर ज्या बोल्टवर बसतो त्याची खाच प्रत्येक कंपनीची निराळी. माझ्या बारची खाच आतून पसरली होती, चेन त्यात डुलत होती, अशा बारवर नवी चेन लावली तरी कट वाकडाच जातो. मग बार. आणि क्लच ड्रमवरच्या स्प्रॉकेटला (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाला) दातांच्या मुळाशी खोल चरे पडले होते, झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन फार लवकर खराब होते. मग स्प्रॉकेट, त्याच्या आतलं नीडल बेअरिंग. आणि ०.४०४ ला धार लावायची कानस ५.५ मिमीची, घरातली ४.८ ची कामाची नाही.

जाता जाता, आज आपण जी वाकड्या दाताची चेन वापरतो ती जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये किड्याची अळी लाकूड कसं कुरतडते ते बघून सुचवलेली. त्याआधीच्या चेनला करवतीसारखे सरळ दात असायचे आणि धार लावायला प्रचंड वेळ जायचा. चाळीसच्या दशकातला एखादा सॉ कधी हाती आला आणि त्यावर मूळ चेन असली तर ती जपून ठेवा, पण कापायला लावू नका.

चेनला तेल सोडणारा ऑइलर चालतोय का ते पुठ्ठ्यावर बारचं टोक धरून बघितलं, तेलाची बारीक रेघ उमटली, म्हणजे पंप ठीक. तेवढं एक काम काहीही न मागता झालं.

पेट्रोलचं मात्र लिहायलाच हवं. टाकीवर २५:१ छापलेलं होतं. ते त्या काळच्या ऑइलच्या हिशोबाने. आजचं चांगलं टू-स्ट्रोक ऑइल ५०:१ लाही पुरतं असं अनेक जण सांगतात, मी तरी जुन्या इंजिनला ४ टक्क्यांच्या जवळच राहतो, थोडा धूर परवडला पण पिस्टन नाही परवडत. जास्त त्रास ऑइलचा नाही, इथेनॉलचा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला फुगवतं किंवा कडक करतं, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला कार्ब आणि लाइनींचा सगळा खर्च पुन्हा. म्हणून मी थोडंच मिश्रण करतो, महिन्याभरात संपवतो आणि सॉ ठेवताना टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. उरलेलं जुनं मिश्रण सॉमध्ये वापरत नाही. ट्यूनिंगला टॅकोमीटर (इंजिनचा वेग मोजणारा) घेतला, कानावर भागतं असं म्हणणारे आहेत आणि त्यांचा कान खरंच तयार असतो, फुल रेसला किंचित अडखळणारा आवाज आणि लाकडात घातल्यावर तो स्वच्छ होणं हे ओळखता येतं. माझा कान अजून तितका तयार नाही आणि पिस्टनवर शिकायचं मला पटत नाही.

आणि शेवटचा खर्च ज्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. चेन ब्रेक सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सॉवर यायला लागला, माझ्या सॉवर तो नाही. बारचं टोक लाकडात अडकून सॉ उलटा तोंडाकडे उसळला तर चेन थांबवणारं काहीही नाही. ०.४०४ ची चेन, ७ दातांचं स्प्रॉकेट, १०,००० आरपीएम धरले तर चेनचा वेग सेकंदाला जवळपास २४ मीटर होतो, हे कागदावर मांडून बघा. संरक्षक पँट घेताना तिच्यावर क्लास लिहिलेला असतो, क्लास १ म्हणजे सेकंदाला २० मीटर, क्लास २ म्हणजे २४, क्लास ३ म्हणजे २८. आणि हे आकडे प्रयोगशाळेतल्या टेस्टचे, मोठ्या इंजिनचा जोर लहान सॉपेक्षा जास्त असतो हे धरून वरचाच क्लास घ्यावा. कानाला मफ्स, कारण असा सॉ १०० डेसिबलच्या वर सहज जातो. चेहऱ्याला जाळी, हातमोजे, बूट. हे सगळं मिळून सॉपेक्षा महाग झालं आणि याचा मला एका क्षणासाठीही पश्चात्ताप नाही. हादऱ्यांचंही तसंच, रबरं नसलेल्या जुन्या सॉवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या जंगल कामगारांची बोटं पांढरी पडून बधिर व्हायची, त्यावर वैद्यकीय अभ्यास झालेत. मी माझ्या सॉने सलग फार वेळ कापत नाही, आणि ज्याला दिवसभर लाकूड कापायचंय त्याला हा सॉ मी देणारही नाही. त्याने आजचा सॉ घ्यावा. खूप जुनं गॅस्केट खरवडताना ते कोरडं घासून धूळ उडवू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं, ओलं करून काढा.

रंग मी दिला नाही. मूळ रंग जिथे उडालाय तिथे उडालाय, नावाची पट्टी अर्धी वाचता येते, तेवढी पुरे. रंग, स्टिकर, पॉलिश यावर जो पैसा जातो तो सॉला कापायला काही मदत करत नाही, कपाटात ठेवायचा असेल तर गोष्ट वेगळी.

आता कुणी जुना सॉ दाखवला तर मी चालू करून दाखवा असं म्हणत नाही. आधी सायलेन्सरचे दोन बोल्ट सोडू द्याल का विचारतो, टॉर्च मारून पिस्टन बघतो. मग फ्लायव्हील धरून शाफ्ट वर-खाली हलवतो. मग बारची खाच आणि स्प्रॉकेटचे दात. टाकीचं झाकण उघडून वास घेतो, व्हार्निशसारखा आंबट वास आला तर कार्ब, लाइन, फिल्टर सगळं धरून चालतो. सीलं तर दोन्ही गेलेलीच धरतो, न बघता. चालू होतो की नाही हे मला सगळ्यात शेवटी हवं असतं, कारण चालू न होणारा पण पिस्टन चांगला असलेला सॉ मला स्वस्त पडतो आणि जोरात चालणारा पण ओरखडे असलेला महाग. एकदोघांनी बोल्ट सोडू दिले नाहीत, तिथे मी सौदा केला नाही.